आशाबाई, वय चाळीस म्हणा

मी नाटकात दिसत नाही. विंगेत एका पालथ्या पेटीवर बसून मी वाचतो आणि मंचावरचे लोक बोलतात. आमच्या झाडीपट्टीत नाटक पाठ करायला वेळ कोणाला? धान निघालं की मंडया, म्हणजे गावोगावचे मेळे, सुरू होतात, मंडईच्या गावात नाटक हवंच, आणि मग आज सावलीकडे तर उद्या नागभीडकडे अशी पळापळ. नट गाडीतून उतरतो, तोंडाला रंग लावतो आणि विचारतो, "मुखरूभाऊ, आज मी कोन हावो?" मी सांगतो, तू बाप आहेस. तो बाप होतो. पुढचं सगळं मी जसं देतो तसं तो बोलतो. याला प्रॉम्प्टिंग म्हणतात आणि ते करण्यात माझं अर्धं आयुष्य गेलं. टाळ्या नटांना मिळतात, ते ठीकच आहे, पण घसा माझा बसतो हे कोणी बोलत नाही.

आमच्या 'रानपाखरू नाट्य रंगभूमी'ची मालकीण आशाबाई, आणि नायिकाही तीच. वडशात, इतर कंपन्यांच्या रांगेतच, आमचं टिनाचं ऑफिस आहे. प्रॉम्प्टरला नशिबानं मिळावी अशी ही बाई. माझ्या तोंडून निघालं की तिच्या तोंडून निघालंच, मध्ये काही अडत नाही. "डोकंसुद्धा नाई," असं मी एकदा म्हणालो होतो, तेव्हा तिनं माझा चहा बंद केला होता.

याच सवयीपायी तिचं माहेर तुटलं. सावलीजवळचं उमरटोला हे तिचं गाव, तिथे तिचा धाकटा भाऊ गोपाल. गोपालला शंकरपटाचा नाद, पटावर धावणारी बैलजोडी तो स्वतःच्या पोरांपेक्षा जास्त खायला घालून पाळतो. फार वर्षांपूर्वी आमच्या एका नाटकात एक नालायक भाऊ होता आणि लेखकानं त्याचं नाव गोपाल ठेवलं होतं. एका गावात प्रयोग लागला, आणि खरा गोपाल बैलाच्या सौद्यासाठी आलेल्या पाहुण्यांना घेऊन पुढच्या रांगेत बसला होता. कागदावर होतं ते मी वाचलं. मी वाचलं ते आशाबाई बोलली. हात लांब करून, नेमका पुढच्या रांगेकडे, ती कडाडली, "गोपाल, अरे तुझ्यापेक्षा गोठ्यातला बैल बरा!"

मंडप हसून लोळला. तेवढ्यावर भागलं असतं. पण पुढच्याच पटात गोपालची जोडी पहिली आली आणि माइकवाल्या गाढवानं हेच वाक्य लाऊडस्पीकरवर म्हटलं. मग पोरं म्हणू लागली, व्याही म्हणू लागले, सौदा करणारे म्हणू लागले. गोपालनं बहिणीशी बोलणं टाकलं ते टाकलंच. तो मंडईच्या मंडळाचा अध्यक्ष झाला आणि उमरटोल्यात दरवर्षी वडशाच्या प्रत्येक कंपनीला तारीख मिळाली, आमची सोडून.

बाहेरच्या माणसाला मंडई म्हणजे जत्रा वाटेल, पाळणे आणि भजी. आमच्याकडे ती लेकींची असते. दिवाळी झाली की ज्या गावची मंडई त्या गावच्या लेकी नवरे-पोरं घेऊन माहेरी येतात, दुपारी जेवतात, बाजार फिरतात आणि रात्री नाटकाला रडतात. आशाबाई त्यांना रडवायला गावोगाव जायची, आणि स्वतःच्या गावात तिला कोणी बोलवायचं नाही. ती हे कधी बोलत नसे. पण उमरटोल्याच्या मंडईचा दिवस आला की आमची गाडी कुठेही असो, ती दिवसभर कोणाशी धड वागायची नाही, हे मला ठाऊक होतं.

तर या दसऱ्यानंतर तिला फोन आला.

"आत्या, मी निशा. उमरटोल्याची. गोपालची पोरगी."

आशाबाई खुर्चीतून उठली आणि पुन्हा बसली. फोन स्पीकरवर होता, कारण तिला फोन स्पीकरवरून काढता येत नाही.

"आइक आत्या. औंदा मंडईचं काम आमा पोरापोरींकडे देलं. अध्यक्ष बाबाच हाये, पन नाटक आमी ठरवनार. रविवारी ग्रामपंचायतीच्या टीव्हीवर कंपन्यांच्या वेबसाइटी लावून पाह्यनार हावो. तुमची मी आधीच पाह्यली. त्यात अजून मोनालीच नाचून राह्यली."

"मोनाली तं कवाचीच गेली वं," आशाबाई कशीबशी म्हणाली.

"अन् तिथला नंबर लावला तं ब्रह्मपुरीचा टेलर बोलला. त्यानंच तुमचा खरा नंबर देला. ते दुरुस्त कर, आत्या. मी फोन केला हे बाबाले सांगू नोको."

फोन बंद झाल्यावर आशाबाई हातातल्या फोनकडे पाहत राहिली. मग म्हणाली, "आत्या म्हनली मले." मला तिची फार दया आली. दया आली की मला रागही येतो, म्हणून मी म्हटलं, "आधी वेबसाइट पाहू, मंग रडा."

वेबसाइट लॉकडाउनमध्ये नागपूरच्या एका पोरानं बनवून दिली होती. तेव्हापासून तिला कोणी हात लावला नव्हता. वर आमच्या जुन्या नाचणाऱ्या मोनालीचा फोटो, आणि मोनाली आता समोरच्याच ऑफिसात, दुसऱ्या कंपनीत. खाली 'लवकरच येत आहे' असं एका नाटकाचं नाव, जे कधीच आलं नाही. नंबर आशाबाईच्या जुन्या सिमचा. तिनं रिचार्ज केला नाही म्हणून कंपनीनं तो नंबर ब्रह्मपुरीच्या इसरू टेलरला देऊन टाकला होता. चार सीझन लोक त्याला फोन करून नायिका कोण आहे विचारत होते, आणि तो बिचारा ब्लाउजचं माप सोडून आमचा खरा नंबर सांगत बसायचा.

आशाबाईनं त्या नागपूरच्या पोराला फोन लावला. तो आता पुण्यात नोकरीला. म्हणाला, "काकू, पासवर्ड तोच आहे. तुम्हीच करा, एकदम सोपं आहे." ज्याला येतं तो नेहमी सोपंच आहे म्हणतो. मीही नटांना तेच म्हणतो.

मग आम्ही स्टेशनजवळच्या कॉम्प्युटरवाल्याकडे गेलो. त्यानं वेबसाइटची आतली बाजू उघडून दाखवली. तिथे इतकी बटनं होती की मला आमच्या लाइटवाल्याची आठवण झाली, आणि आमच्या लाइटवाल्यालाही अर्धी बटनं कशाची ते माहीत नाही. "इथून हेडर, इथून मेनू, इथून प्लगइन," असं तो सांगत गेला. आशाबाईनं मान डोलवत एका बटनाला बोट लावलं, तर मोनाली उजवीकडून डावीकडे गेली आणि सगळी अक्षरं तिच्यामागे गेली. त्यानं ते सरळ केलं आणि म्हणाला, "बाई, तुमी कोर्स लावा." आशाबाई म्हणाली, "माह्या घरी रविवार येऊन राह्यला, अन् तू कोर्स सांगतं!" आम्ही तिथून उठलो.

ऑफिसात परत आलो तर अंकुशनं दुसराच मार्ग काढलेला. अंकुश आमचा खलनायक. मिशी खरी, बाकी सगळं खोटं. त्यानं फोनवर एक ॲप घेतलं होतं, त्यात वेबसाइटचे चौकोन बोटानं सरकवायचे, फोटो हवा तिथे ठेवायचा. आशाबाईला आवडलं. "लय सोपं हाये, रांगोळीवानी," ती म्हणाली, आणि "करून ठेव" म्हणून बाजारात गेली. परत येईपर्यंत अंकुशनं चौकोन सरकवले होते. वर त्याचा फोटो, मधे त्याचा फोटो, खाली तलवार घेतलेला त्याचा फोटो. आशाबाई एका कोपऱ्यात, पोस्टाच्या तिकिटाएवढी.

"मी हिरोईन हावो का तू?" ती ओरडली.

"बाई, पब्लिक खलनायकाले पाह्याले येते," अंकुश गंभीरपणे म्हणाला.

त्यानं ते चढवायच्या आधीच तिनं फोन हिसकावला, म्हणून अनर्थ टळला. सरकवणं सोपं होतं, यात वाद नाही. पण बोट अंकुशचं होतं.

शेवटी शनिवारी दिव्यानीनं तिसरा उपाय आणला. दिव्यानी आमची नाचणारी पोरगी, गडचिरोलीच्या कॉलेजात शिकलेली. "आशाबाई, हे पाहा. माइकचं बटन दाबाचं अन् बोलाचं. तुमी बोलता ते हे लिवते. मंग हिरवं बटन दाबलं की वेबसाइटवर सगळ्यात वर चढते. लिवाचं काम नाई, सरकवाचं काम नाई."

"अन् मोनाली?"

"ती खाली जाते. काढाची असन तं मालकाच्या नंबरवर ओटीपी येते. आता तो नंबर टेलरचा हाये, म्हनून काढाचं मंग पाहू. घालाले ओटीपी लागत नाई."

"हेच आपलं," आशाबाई म्हणाली. "बोलनं तं आपला धंदाच हाये."

मलाही पटलं. बोलायचं काम आणि आमची कंपनी, यात चुकण्यासारखं काय होतं?

दुपारची वेळ. आशाबाईनं नवी साडी नेसली, कारण आवाजात साडी ऐकू येते असं तिचं म्हणणं आहे. फोन ऑर्गनच्या पेटीवर उभा ठेवला. दिव्यानीनं माइक लावला आणि "मी चहा सांगून येतो" म्हणून गेली. आशाबाईनं खोल श्वास घेतला, पदर सावरला, तोंड उघडलं. काही नाही. फोनकडे पाहिलं, छताकडे पाहिलं आणि मग सवयीनं तिचे डोळे माझ्याकडे वळले.

"मुखरूभाऊ," ती कुजबुजली, "द्या नं."

मी पेटी ओढून कोपऱ्यात बसलो आणि देऊ लागलो. खालच्या आवाजात, फक्त तिच्या कानापुरतं. तिनं ते उचललं, आणि काय आवाज लावला म्हणता! टिन थरथरलं. मी पुढची ओळ दिली, तिनं तीही उचलली. एक सांगतो, म्हणजे पुढचं समजेल. प्रॉम्प्टर नटाचं ऐकत नाही. नट एक ओळ बोलत असतो तेव्हा प्रॉम्प्टरचं मन पुढच्या ओळीवर असतं, नाहीतर नाटक तिथेच बसलं. आणि रोज माझ्या हातात कागद असतो. कागदाबाहेरचं मी एक अक्षर बोलत नाही. त्या दिवशी हातात कागद नव्हता.

ओळी संपल्या. मी गप्प झालो. आशाबाईचा श्वास खाली आला, आणि ती माझ्याशी आपल्या साध्या आवाजात काही बोलत राहिली. मी तिला समजावलं. चहा आला. दिव्यानी मागोमाग आली, "झालं?" म्हणाली, आणि हिरवं बटन दाबलं. आम्ही चहा प्यायलो. मी त्या दिवशी स्वतःवर फार खूश होतो.

रविवारी सकाळी मी ऑफिसात पोचलो तेव्हा समोरच्या ऑफिसाच्या पायरीवर मोनाली पोट धरून बसली होती. आजारी आहे असं वाटून मी चौकशीला गेलो, तर ती हसत होती. तिला बोलताच येईना. तिनं नुसता फोन माझ्यापुढे केला.

मी तो फोन घेऊन आत गेलो. आत आशाबाई उभी होती आणि दिव्यानी रडवेल्या आवाजात तिला वेबसाइट वाचून दाखवत होती:

"रानपाखरू नाट्य रंगभूमी वडसा हळू बोला घाई नोको. या वर्षीचा दणदणीत प्रयोग सौभाग्य पेटलं सासर विझलं. प्रमुख भूमिकेत झाडीपट्टीची महाराणी आशाबाई वय चाळीस म्हना कोन मोजाले येते. खलनायक अंकुश याचं नाव घ्याच लागते नाई तं रुसते. नृत्य दिव्यानी पोरगी चहा सांगाले गेली का पिकवाले गेली. संगीत ऑर्गन तबला ऑक्टोपॅड. रडण्याची संपूर्ण हमी. तारखा थोड्याच शिल्लक साऱ्याच हायेत पन थोड्याच म्हना. त्वरा करा. झालं आता दम घ्या."

मी पेटीवर बसलो. प्रत्येक शब्द माझा होता. तिनं एकही गाळला नव्हता.

"अजून हाये," दिव्यानी म्हणाली आणि थांबली.

"वाच," आशाबाई म्हणाली.

दिव्यानीनं हळू वाचलं:

"चढलं का. गोपालले दिसन का. त्याले दिसलं पाह्यजे बाकी कोनी बुक नाई केलं तरी चालते. मंडईले साऱ्या पोरी माहेरी जाते मुखरूभाऊ अन् मी लोकाच्या गावात लोकाच्या माहेरासाठी रडतो. एक डाव आपल्या गावात रडू द्या. भावाच्या घरचा नव्या धानाचा भात खाऊन. उगी राहा बाई चहा आला."

शेवटचं वाक्यही माझंच होतं. तेही तिनं म्हटलं होतं.

अंकुश मिशी चावत उभा राहिला. आशाबाईचा चेहरा मी कधी इतका उघडा पाहिला नव्हता. मग ती एकदम पेटली. "काढ! आत्ताच्या आत्ता काढ! दुपारी गावात टीव्हीवर लावनार हायेत. गोपालले आधी बैल केला, आता साऱ्या गावासमोर त्याच्या दारात भात मांगून राह्यली मी! काढ!"

"ओटीपी," दिव्यानी बारीक आवाजात म्हणाली.

घालायला सोपं म्हणून आम्ही नाचलो होतो. काढायचं म्हटल्यावर ओटीपी ब्रह्मपुरीला गेला. आशाबाईनं इसरू टेलरला फोन लावला.

"इसरूभाऊ, मी नाटकवाली आशाबाई. तुमच्या फोनवर नंबर आला असन. तेवढा सांगा लवकर."

"आला नं," इसरू म्हणाला. मागे शिलाई मशीन थांबल्याचं ऐकू आलं. "पन आधी मले सांगा, हा गोपाल कोन?"

"तुमी वाचलं?"

"बाई, चार सालापासून तुमच्या कंपनीचे फोन मी घेऊन राह्यलो. मी नाई वाचनार तं कोन वाचनार? माही बायको वाचून रडली. शेजारच्या टेलरची पन रडली. गोपाल भाऊ हाये का तुमचा?"

"हो. लहान भाऊ. त्याच्या गावच्या बैठकीच्या आधी हे काढाचं हाये. द्या नं आता नंबर."

"बैठक कवा हाये?"

"आज दुपारी."

"मंग नाई देत," इसरू शांतपणे म्हणाला. "बैठक होऊ द्या. मंग मांगा, देतो." आणि फोन ठेवला.

आशाबाईनं पुन्हा लावला, त्यानं उचलला नाही. तिनं त्याच्या सात पिढ्या काढल्या. मग माझ्याकडे वळून माझ्याही काढल्या. "कोन सांगलं होतं तुमाले चाळीस म्हना म्हनाले! कोन सांगलं होतं चहा आला म्हनाले!" मी म्हटलं, "बाई, चहा आला होता." हे म्हणायला नको होतं.

दुपारभर ती खुर्चीत बसून राहिली. इतर गावांचे फोन येत होते, लोक हसत होते आणि तारखा विचारत होते. एक जण म्हणाला, "आमाले तेच नाटक पाह्यजे, ज्यात चहा येते." दिव्यानी तारखा देत होती. मला आनंद व्हायला हवा होता, पण झाला नाही. आशाबाई एकाही फोनकडे पाहत नव्हती. त्यातला एकही तिला हव्या त्या गावाचा नव्हता.

उन्हं उतरायच्या सुमाराला निशाचा मेसेज आला. दिव्यानीनं वाचला: "आत्या, टीव्हीवर लावलं. मी मोठ्यानं वाचलं. सारं गाव हासलं. मंग शेवटलं वाचलं तवा कोनी नाई हासलं. बाबा उठून गोठ्यात गेला."

"गेला," आशाबाई म्हणाली. "संपलं."

सांत्वनाच्या ओळी मला ढीगभर पाठ आहेत, सगळ्या दुसऱ्यांनी लिहिलेल्या. त्यातली एकही मला द्यावीशी वाटली नाही. अंकुशनं तिला पाणी आणून दिलं, हे मात्र मी त्याच्या नावावर लिहून ठेवतो.

थोड्या वेळानं फोन पुन्हा वाजला. अनोळखी नंबर. तिनं उचलला. स्पीकर चालूच.

तिकडून आधी बैलाच्या गळ्यातल्या घंटीचा आवाज आला. मग माणसाचा.

"बाई."

आमच्याकडे मोठ्या बहिणीला बाई म्हणतात. आशाबाईला आख्खी झाडीपट्टी बाई म्हणते, पण हा आवाज ऐकून तिनं ऑर्गनची पेटी घट्ट धरली.

"तुवा वय चाळीस लिवलं," गोपाल म्हणाला. "मी अठ्ठेचाळीसचा हावो. पोरीनं साऱ्या गावासमोर वाचलं. आता लोक मले विचारून राह्यले, गोपाल, तू बाईहून मोठा कवा झाला?"

आशाबाईनं तोंड उघडलं. काही नाही. तिनं माझ्याकडे पाहिलं, रोज पाहते तसंच, आणि माझ्याजवळ ओळ नव्हती. मी दोन्ही हात रिकामे करून दाखवले. मला वाटलं, आता ही अडली. एवढ्या वर्षांत तिला मी कधी असं उघड्यावर सोडलं नव्हतं.

"मंग काय लिवू?" ती म्हणाली. आवाज अगदी लहान होता. टिन काही थरथरलं नाही.

"खरं लिव. माह्याहून मोठी हायेस तं मोठीच राह्य. मंडईत माहा हात धरून तूच फिरवत होती, मी हरवन म्हनून." मधे घंटी वाजली. "नाटक तुमाले देलं. मी नाई देलं, पोरांनं देलं. नाटक रातचं हाये, ते नाटकवाल्यांचं. तू दुपारूनच येजो. पोरी दुपारूनच येते जेवाले. नव्या धानाचा भात हाये."

"येतो," आशाबाई म्हणाली.

"अन् नाटकात बैल नोको."

फोन बंद झाला.

आशाबाई रडली. तिला रडताना मी हजारदा पाहिलं आहे, कधी रडायचं ते मीच सांगतो. पण हे मी दिलेलं नव्हतं. पदर तोंडाला लावायचा हेही तिच्या लक्षात राहिलं नाही, नाक गळत होतं, आणि ती त्यातच हसत होती. दिव्यानी रडली. अंकुश बाहेर जाऊन रडला, कारण खलनायकानं आत रडू नये असं त्याला वाटतं. मी पेटीवर बसून राहिलो. मला फार बरं वाटत होतं, इतकं की मोनालीचा फोन मी स्वतः जाऊन परत देऊन आलो.

संध्याकाळी इसरू टेलरनं आपणहून फोन केला. "काय झालं गोपालचं?" आशाबाईनं सांगितलं. तिकडे एक बाई ओरडली, "मी म्हनलं नव्हतं का!" इसरू म्हणाला, "आता पाठवा नवीन ओटीपी, लगेच सांगतो. पन नंबर नोका बदलवू. मले सवय झाली. बुकिंग मीच घेत जातो, अन् मंडईले मले पुढची खुर्ची द्या." आशाबाई म्हणाली, "खुर्ची देतो, पन गोपालच्या बाजूले नाई." तेवढी तिला आता काळजी होती.

ओटीपी आला. दिव्यानीनं आधी मोनालीला काढलं. मग विचारलं, "हे चहाचं सारं काढू का?"

"राहू दे," आशाबाई म्हणाली. "लोक बुक करून राह्यले." आणि खरंच, त्या एका दिवसात तारखा थोड्याच शिल्लक राहिल्या होत्या. "फक्त वय बदल. गोपालनं सांगलं, खरं लिव म्हनून."

दिव्यानीनं माइक लावला. या वेळी ती कुठेही गेली नाही. आशाबाईनं पदर सावरला, ताठ बसली आणि माझ्याकडे पाहिलं. मी कोपऱ्यातून, खालच्या आवाजात, मागे-पुढे एक अक्षरही न लावता तिचं खरं वय दिलं, "आशाबाई, वय पन्नास."

"आशाबाई," ती म्हणाली, आणि थांबली. भिंतीवर गेल्या वर्षीचं पोस्टर होतं, त्यावर तिचा फोटो होता, त्याच्याकडे तिनं एकदा नजर टाकली. "वय एकोणपन्नास."

माझ्या ओळीतला शब्द तिनं आजवर कधी बदलला नव्हता. गोपालहून ती मोठी राहिली होती, त्यात मला काही बोलायला जागा नव्हती. तरी मी पुन्हा दिलं, जरा मोठ्यानं, "पन्नास."

तिनं हिरवं बटन दाबलं.